दिरांचं अ‍ॅब्लेशन वेगळं, तुमचं वेगळं

"डॉक्टर, माझं वय ४१. शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षं मला धडधडीचे झटके येतात. फळ्यावर लिहिताना, कधी वाकून खाली पडलेली वही उचलताना, कोणीतरी बटण दाबावं तसं हृदय सुटतं. गळ्यापाशी ठोके उडताना दिसतात, वर्गातल्या मुलींनीही ते पाहिलेत. दहा मिनिटं, कधी तासभर, आणि मग तसंच अचानक बंद. नंतर सारखं लघवीला जावं लागतं.

टेन्शन, अ‍ॅसिडिटी, रक्त कमी, वय, सगळं ऐकून झालं. चार महिन्यांपूर्वी झटका थांबेचना, म्हणून रात्री इमर्जन्सीत नेलं. ठोके १९० होते. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर क्षणभर मरतेय असं वाटलं आणि सगळं शांत झालं. त्यांनी 'एसव्हीटी, बहुधा एव्हीएनआरटी' असं लिहून दिलं. गोळ्या चालू आहेत. तरी दोन झटके येऊन गेले आणि दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. तज्ज्ञ म्हणतात, कॅथेटर अ‍ॅब्लेशन करून घ्या, म्हणजे शिरेतून हृदयात बारीक तार नेऊन बिघडलेली जागा जाळायची.

घरात कोणी तयार नाही. माझ्या दिरांचं एट्रियल फिब्रिलेशनसाठी दोनदा अ‍ॅब्लेशन झालं, तरी त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे. सासूबाई म्हणतात, दोनदा करून काय फरक पडला? हे म्हणतात, गोळीवर भागतंय ना, मग काळजाला चटके कशाला? मला स्वतःला पेसमेकरची भीती वाटते. काय करू? आणि केलंच, तर वर्गात परत कधी उभी राहू शकेन?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी पहिल्याच परिच्छेदापाशी थांबलो. बटण दाबावं तसं सुरू, तसंच बंद. अकरा वर्षांत कोणी हे एक वाक्य शांतपणे ऐकून घेतलं असतं, तरी अर्धं निदान तिथेच झालं असतं. काळजीने वाढणारे ठोके पायरी पायरीने चढतात आणि तसेच उतरतात. तुमचे चढत नाहीत, एकदम उडी मारतात. त्यात गळ्यापाशी उडणारे ठोके आणि नंतरची लघवी. हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एकाच क्षणी आवळले गेले, की मधल्या झडपा बंद असतात आणि वरच्या कप्प्यातलं रक्त उलटं मानेच्या शिरांत फेकलं जातं. मुलींना दिसलं ते हेच. आणि वरचे कप्पे असे ताणले गेले, की ते एक संप्रेरक सोडतात, ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. म्हणजे तुम्ही सांगत होतात त्यातली एकही गोष्ट मनाची नव्हती.

मी फॅमिली डॉक्टर आहे. अ‍ॅब्लेशन मी करत नाही, ते करणारे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट. हृदयरोगतज्ज्ञांतही हृदयातल्या विजेच्या वाटांचाच खास अभ्यास केलेली ही माणसं. पण माझ्याकडून गेलेले पेशंट परत माझ्याकडेच येतात, त्यामुळे आधीची भीती आणि नंतरचे दिवस दोन्ही मी पाहत आलोय. आणि एक चूक माझ्याही नावावर आहे. एक तरुण मुलगी चार वर्षं माझ्याकडे याच तक्रारीसाठी येत होती. दर वेळी ती पोहोचेपर्यंत झटका ओसरलेला असायचा आणि ईसीजी स्वच्छ निघायचा. मी तिला मन शांत ठेवायला सांगून सौम्य गोळी देत राहिलो. एका संध्याकाळी ती झटका चालू असतानाच दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली. ईसीजीच्या कागदावर १९६ चे ठोके उमटले, शिलाई मशीनच्या टाक्यांसारखे एका मापाचे. मी कागद तिच्यापुढे धरला तर तिला रडू आलं. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो: झटका चालू असताना जवळच्या कुठल्याही दवाखान्यात घुसा आणि ईसीजी काढून घ्या, बाकीचं नंतर. तुमचा तो कागद त्या रात्री निघाला. त्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या. इंजेक्शन देतानाची पट्टीही मिळाली तर फार उत्तम, कारण झटका कसा थांबला हे त्यात दिसतं आणि तज्ज्ञांना तेच हवं असतं.

आता मुद्द्याकडे येतो. तुमच्या घरात अ‍ॅब्लेशन हा एकच शब्द दोन निरनिराळ्या आजारांवर बसलाय आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झालाय.

तुमच्या आजारात काय होतं ते आधी सांगतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तिथून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची लहर निघते, वरच्या कप्प्यांत पसरते आणि मध्यभागी असलेल्या एव्ही नोड नावाच्या नाक्यावर येते. वरून खाली जायला नेहमीचा रस्ता हा एकच. तिथे लहर क्षणभर रेंगाळते आणि मग खालचे मोठे कप्पे आवळले जातात. काही माणसांत या नाक्याला दोन वाटा असतात. एक हमरस्ता, त्यावरून लहर झरकन जाते, पण एकदा गेली की तो पुन्हा खुला व्हायला वेळ लागतो. दुसरी पायवाट, हळू चालणारी, पण लवकर मोकळी होणारी. एरवी हमरस्त्यानेच सगळं चालतं आणि पायवाट असल्याचा पत्ताही लागत नाही. मग एखाद्या दिवशी एक ठोका वेळेआधी पडतो. वही उचलायला तुम्ही वाकता तेव्हा, किंवा काहीच कारण नसताना. त्या लहरीला हमरस्ता बंद दिसतो, म्हणून ती पायवाटेने खाली उतरते. ती खाली पोहोचेपर्यंत हमरस्ता मोकळा झालेला असतो. ती त्यावरून उलटी वर चढते, वरून पुन्हा पायवाटेने खाली. माळावर चकवा लागलेला माणूस जसा फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, तशी ती तिथेच घिरट्या घालते. प्रत्येक घिरटीला एक ठोका, मिनिटाला दीडशेपासून अडीचशेपर्यंत. एव्हीएनआरटी म्हणतात ते हेच. एसव्हीटी हे वरच्या भागातून उठणाऱ्या अशा सगळ्या झटक्यांचं सामायिक नाव, त्यातलाच हा एक प्रकार. त्या रात्रीच्या इंजेक्शनने, बहुधा ते अ‍ॅडेनोसिन असणार, तो नाका काही सेकंद बंद केला आणि चकवा सुटला. मरतेय असं वाटलं ते त्या काही सेकंदांतलं. तसं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि द्यायच्या आधी पेशंटला ते सांगायला हवं.

अ‍ॅब्लेशनमध्ये फक्त ती पायवाट बंद करायची असते. हमरस्ता शाबूत राहतो, आणि उरलेलं आयुष्य हृदय त्यावरच आरामात चालतं. पायवाट जिथे असते ती जागाही ठरलेली असते. म्हणून या आजारात यश शंभरात पंच्याण्णवच्या वर जातं, आणि नंतर आजार उलटण्याचं प्रमाण शंभरात जेमतेम दोन-चार.

दिरांची गोष्ट निराळी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये एक ठरलेला चकवा नसतो. वरच्या कप्प्यांत विजेची अंदाधुंदी माजते आणि नाडी कशीही, कुठल्याही तालाशिवाय चालते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की ही अंदाधुंदी पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उडतात. म्हणून त्या शिरांच्या तोंडांभोवती बारीक व्रणांचं कडं करून ती वाट तोडतात. चार शिरा, प्रत्येकीभोवती अखंड कडं, तेही धडधडत्या हृदयात. व्रण भरताना कुठे एखादी फट राहिली, की तिथून वीज पुन्हा निसटते. त्यामुळे दुसऱ्यांदा करावं लागणं या आजारात नेहमीचंच आहे, त्यात कोणी फसवलं असं नसतं. अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्येही एका वेळेत वर्षभर आराम पडतो तो शंभरातल्या साधारण सत्तर-ऐंशी जणांना, कायम मुक्कामाला आलेल्या फिब्रिलेशनमध्ये त्याहून कमी जणांना.

आणि त्यांची ती गोळी. ठोके सुधारले म्हणजे गोळी बंद, असा हिशेब नसतो. अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन महिने ती प्रत्येकालाच लागते. पुढे चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वी झालेला पक्षाघात, हृदयाची ताकद यांवरून ठरतं, कारण ती गोळी गुठळी मेंदूत जाऊ नये म्हणून असते. सासूबाईंना गोळी दिसते म्हणून त्यांना वाटतं फरक पडला नाही. दिरांनाच एकदा विचारा, की आधी महिन्यात किती दिवस जायचे आणि आता किती जातात. उत्तर कदाचित घरातल्या कोणीच अजून विचारलेलं नसेल. एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावर जरूर घाला: कोणी कितीही म्हटलं तरी ती गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न: गोळीवर भागतंय ना? त्यांच्या काळजीत खोट नाही, आणि त्यांच्या बाजूने एक मोठी गोष्टही आहे. हृदय बाकी निरोगी असेल, तर एव्हीएनआरटी सहसा जिवावर बेतत नाही. तुमची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली असेल आणि ती नॉर्मल असेल, तर अ‍ॅब्लेशन उद्याच करायला हवं असं अजिबात नाही. वर्षाला एखादा झटका, तोही पाच मिनिटांत थांबणारा, अशा बाईला मी स्वतः काहीच करू नका म्हणतो. पण तुमचं तसं नाही. गोळ्या घेऊनही चार महिन्यांत दोन झटके आले, आणि त्या गोळ्यांनी दिवसभर अंग गळून जातंय. बीटा ब्लॉकर असो की व्हेरापामिल, या गोळ्या चकवा लागण्याची शक्यता कमी करतात, पायवाट तशीच राहते. म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं रोज गोळी, रोज थोडा थकवा, आणि मनात सतत 'आज येईल का?' याला भागणं म्हणायचं का, हे ज्या बाईच्या छातीत ते होतंय तिनेच ठरवायचं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही वारंवार त्रास देणाऱ्या एव्हीएनआरटीसाठी अ‍ॅब्लेशनचीच ठाम शिफारस आहे. सगळे उपाय थकले की मग शेवटी करायची गोष्ट, असं ते आता राहिलेलं नाही.

काळजाला चटके हे शब्द ऐकायला भयंकर वाटतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो. असल्या वाटा तोडायला एके काळी खरोखर छाती उघडत. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी १९६८ मध्ये डब्ल्यूपीडब्ल्यू नावाच्या भावंड-आजारासाठी तशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९८२ पासून कॅथेटरमधून विजेचा जोरदार झटका देऊन एव्ही नोडच बंद करण्याची पद्धत आली, ती तशी रांगडीच होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी आली आणि सगळं बदललं. तिच्यात कॅथेटरच्या टोकाशी टेकलेला स्नायू ५० अंशांच्या वर तापवतात. व्रण होतो तो काही मिलिमीटरचा, तुमच्या खडूच्या टोकाएवढा. हृदयाच्या पंपाला त्याची जाणीवही होत नाही, ताकद कमी होत नाही. गोठवूनही तेच काम करता येतं, त्याला क्रायो म्हणतात.

मागे माझ्या एका पेशंट बाईंनी फारच आग्रह केला, म्हणून मी तिथल्या डॉक्टरांच्या परवानगीने काचेपलीकडच्या खोलीत बसून सगळं पाहिलं. बाई जाग्या होत्या, थोडी गुंगी दिलेली. पूर्ण भूल दिली तर पुष्कळदा झटका येतच नाही, म्हणून शक्यतो हलकंच ठेवतात. जांघेत बधिर करून शिरेतून तीन बारीक नळ्या घातल्या, त्यांतून तारा वर हृदयात. टोचलेलं तेवढं कळलं, शिरेतून सरकणाऱ्या तारा कळल्या नाहीत. मग डॉक्टर म्हणाले, "आता तुमचा तो झटका आम्ही मुद्दाम आणणार आहोत, घाबरू नका." एक जास्तीचा ठोका दिला आणि पडद्यावरच्या रेघा एकदम दाट झाल्या. बाई म्हणाल्या, "हाच. हाच तो." बारा वर्षं एकटीने सोसलेली गोष्ट पहिल्यांदाच दहा माणसांसमोर पडद्यावर होती.

तो एका ठोक्यात थांबवला. तारेचं टोक झडपेजवळच्या त्या एवढ्याशा जागेवर आणलं आणि डॉक्टरांनी पेडलवर पाय ठेवला. खोलीत कोणी बोलत नव्हतं. टेक्निशियन सेकंद मोजत होता: पाच, दहा, पंधरा. मग पडद्यावर काही ठोके नेहमीपेक्षा वेगळ्या ठिकाणाहून येऊ लागले, संथ, मधूनच. जागा बरोबर असल्याची ती खूण. सगळ्यांची नजर एकाच रेषेवर, की खालचा ठोका वर पोहोचतोय ना. एकदा तो पोहोचला नाही. डॉक्टरांनी त्याच क्षणी पाय उचलला. तार थोडी खाली घेतली, नाक्यापासून आणखी लांब, आणि पुन्हा सुरुवात केली. नंतर अर्धा तास थांबून, हृदय पळवणारं औषध देऊन, तो झटका परत आणायचा प्रयत्न केला. आला नाही. बाईंनी विचारलं, "झालं?" आणि डोळे मिटले.

तो उचललेला पाय मी तुम्हाला का सांगतोय? तुमची पेसमेकरची भीती तिथेच आहे म्हणून. पायवाट आणि मुख्य नाका यांत काही मिलिमीटरचंच अंतर असतं. व्रण नाक्यावर गेला, तर वरचा संदेश खाली पोहोचणं बंद होतं आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. हा धोका खरा आहे, कोणी तो शून्य आहे म्हटलं तर विश्वास ठेवू नका. अनुभवी हातांत तो शंभरात एकापेक्षाही कमी असतो. पण ज्या एकीवर ती वेळ येते, तिच्यासाठी तो एकच असतो. ४१ व्या वर्षी पेसमेकर म्हणजे पुढे काही वर्षांनी बॅटरी बदल, मग पुन्हा बदल. म्हणून टेबलावर जाण्याआधी डॉक्टरांना स्वच्छ शब्दांत सांगा: "जागा नाक्याच्या फार जवळ वाटली तर थांबा. अर्धवट राहिलं तरी चालेल, मी गोळ्यांवर राहीन." तुमच्या आजारात असं थांबता येतं, कारण तो जिवावरचा नाही. चांगला डॉक्टर हे ऐकून दुखावणार नाही. बहुतेक तो म्हणेल, "मीही तेच करतो." क्रायोबद्दलही विचारा. त्यात आधी थोडं गोठवून नाक्याला धक्का लागत नाही ना हे पाहता येतं, आणि लागत असेल तर गरम होऊ देऊन परत फिरता येतं. त्या बदल्यात आजार उलटण्याची शक्यता रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा जरा जास्त. कोणती पद्धत हे शेवटी त्यांना ठरवू द्या, पण का हे विचारा.

विचारायचं आणखी एक आहे. अशा किती प्रक्रिया ते वर्षाला करतात? हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. हे हाताचं काम आहे आणि हात सरावाने बसतो. शिवाय, त्या दिवशी झटका आणताच आला नाही तर काय करणार, हेही आधीच बोलून ठेवा. तसं कधी कधी होतं, आणि मग वाटा दोन असल्याच्या खुणांवरून पुढे जायचं की थांबायचं हे ठरवावं लागतं.

'बहुधा' हा शब्दही मला सोडवत नाही. झटका नसताना काढलेला तुमचा ईसीजी एकदा तज्ज्ञांना पुन्हा नीट बघायला सांगा. त्यात ठोक्याच्या सुरुवातीला तिरपी चढण दिसली, डेल्टा वेव्ह म्हणतात ती, तर मामला वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णन केलेल्या डब्ल्यूपीडब्ल्यूचा असतो. त्यात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एक जास्तीची तार, म्हणजे विजेची आणखी एक वाट, जन्मतःच असते. फिब्रिलेशन त्या तारेवरून थेट खाली उतरलं तर क्वचित जिवाला धोका होतो, आणि अशा वेळी व्हेरापामिलसारखी औषधं उलटतात. मग मी आत्ता म्हटलं तसं निवांत राहता येत नाही. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी एव्हीएनआरटी लिहिलंय म्हणजे त्यांना ती चढण दिसली नसणार. पण लपलेली तार साध्या ईसीजीत दिसतही नाही, आत तारा घालून तपासल्यावरच कळते. तशी निघाली, तर त्याच बैठकीत तिचंही अ‍ॅब्लेशन करतात.

करायचं ठरवलं, तर ठोक्यांच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतील. नेमक्या किती दिवस, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्या दिवसांत झटका येऊ शकतो, म्हणून गाडी चालवू नका आणि एकट्या राहू नका. एक्स-रे वापरतात, हल्ली त्रिमितीय नकाशाच्या यंत्रामुळे फारच कमी. तरी पाळी चुकली असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करायची किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील, तर त्यांची यादी बरोबर न्या.

तोपर्यंत झटका आला तर नुसतं कुंथू नका, नीट पद्धतीने करा. अर्धवट रेलून बसा. दहा मिलीची रिकामी सिरिंज तोंडात धरून, दांडा जरासा हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंका. लगेच आडव्या पडा, आणि यजमानांना तुमचे दोन्ही पाय सरळ, तिरके वर धरायला सांगा, पंधरा सेकंद. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने शंभरात ४३ जणांचा झटका थांबला, पाय न उचलता नुसत्या फुंकण्याने १७ जणांचा. एवढा फरक फक्त पाय उचलण्याने पडला. झटका नसताना एकदा दोघांनी सराव करून ठेवा. मानेची शीर दाबणं घरी नको, आणि डोळे दाबणं तर कधीच नको. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली, किंवा अर्ध्या तासात थांबलं नाही, तर हॉस्पिटल. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात तर थांबून बघायचंच नाही.

प्रक्रियेनंतर चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. अनेकींना तेच सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. जांघेत काळंनिळं होतं, कधी सुपारीएवढी गाठही लागते, ती जिरते. मात्र सूज वाढत चालली किंवा रक्त येऊ लागलं, तर आडवं पडून हाताने घट्ट दाबून धरा आणि हॉस्पिटलला कळवा. छातीत जोराचं दुखणं, धाप, पायाला सूज, बोलताना जीभ अडखळणं, एक बाजू लुळी वाटणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. फिब्रिलेशनचं अ‍ॅब्लेशन झालेल्यांसाठी इथे एक जास्तीची सूचना, दिरांसारख्या वाचकांसाठी: पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा मेंदूची काही लक्षणं दिसली, तर ज्यांनी प्रक्रिया केली त्यांनाच गाठा आणि अ‍ॅब्लेशन झाल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. डाव्या कप्प्याच्या मागे अन्ननलिका असते. तिला इजा होणं फार दुर्मीळ आहे, पण झाली तर तासांचा प्रश्न असतो, आणि न सांगता घशात दुर्बीण घातली तर जिवावर बेतू शकतं. एव्हीएनआरटीच्या प्रक्रियेत सहसा डाव्या कप्प्यात जायचंच नसतं, त्यामुळे ही काळजी तुम्हाला नाही.

वर्गात परत कधी? बसून करायचं काम दोन-तीन दिवसांत. तास तास उभं राहणं, जिने आणि वह्यांचे गठ्ठे उचलणं यासाठी एक आठवडा धरा. मुख्याध्यापकांकडे आठवड्याची रजा टाका, आणि शनिवार-रविवारला जोडून तारीख मिळाली तर अंगाला आणखी दोन दिवस मिळतील.

शेवटचं एक, जे हॉस्पिटलात घाईत सांगायचं राहून जातं आणि त्यापायी लोक रात्री मला फोन करतात. पहिले काही आठवडे अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा, उसळल्यासारखा वाटेल. तुमच्या ओळखीचीच सुरुवात असेल ती. झटका यायच्या आधीचा तोच जास्तीचा ठोका. तो यापुढेही पडणार, कारण तो बंद केलेला नसतो, बंद केलेली असते ती पायवाट. फळ्याशी उभ्या असाल, खडू हातात थांबेल, तुम्ही श्वास धरून वाट बघाल. आणि पुढे काही येणार नाही.